सप्तमीचं पाणी

भरतीचं माझं गणित चुकलं होतं, हे मला बावीस वर्षांपासून माहीत आहे. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. याआधी ते कुणाजवळ बोललेलो नाही, घरात बायकोजवळसुद्धा नाही. या चैत्रात मोहन्यापासून कोलशेतपर्यंत खाडीकाठाने आणि खाडीतून तीन दिवस हिंडलो, ते त्या चुकीपायी. निघताना मात्र मी सोबत्यालाही थापच मारली. "चला सुर्वे, महाराजांच्या आरमाराची खाडी बघून येऊ," म्हणालो. माणूस नेव्हीतला. कारण विचारत बसला नाही, टोपी शोधायला लागला.

प्रवासाकडे वळण्याआधी चूक काय ती सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा टाळीन.

मी डोंबिवलीतल्या एका शाळेत इतिहास शिकवतो. आम्ही मूळचे वाईकडचे. नदी एकाच दिशेला वाहते हे लहानपणापासून पाहिलेलं. तेच पाणी संध्याकाळी उलटं चढतं, हे मी नोकरीला इकडे आलो तेव्हा पाहिलं. तिशीत मला स्थानिक इतिहासाचं वेड लागलं. ठाणं बेटावर आहे, हे ठाण्यात राहणाऱ्यांच्याही लक्षात नसतं. पूल झाले आणि साष्टीचं बेटपण गेलं. पण फिरंग्यांकडून साष्टी घ्यायला मराठे आले, तेव्हा मध्ये खाडी होती आणि खाडी घोड्यावरून ओलांडता येत नाही. तलवारी कुणाच्या होत्या ते पुस्तकांत मिळतं. होड्या कुणाच्या, ते शोधत मी काठाकाठाने फिरायचो.

तसा फिरत कोलशेतजवळच्या एका पाड्यावर पदूनाना भोईरांकडे पोचलो. पाड्याचं नाव इथे देत नाही. नाना सत्तरीचे, अर्धं आयुष्य मिठागरात गेलेले, उरलेलं होडीत. त्यांच्या घरात एक हकीकत चालत आलेली होती. साष्टीच्या त्या लढाईत, चैत्रातल्या सप्तमीला, दिवे लावायच्या वेळेला, समोरच्या काल्हेरच्या काठावरून त्यांच्या पूर्वजांनी सहा मचवे अलीकडे आणले. मचव्यांत शिड्या, धान्य आणि गोड्या पाण्याची मडकी. पाणी काठोकाठ भरलं होतं. सामान उतरवलं, आणि पाणी फिरल्याबरोबर जखमी माणसं घेऊन मचवे परत गेले. त्या कामाची आठवण म्हणून नारळी पौर्णिमेला गावाचा पहिला नारळ भोईरांचा. तीन संध्याकाळी मी त्यांच्या ओटीवर बसून हे ऐकलं, लिहून घेतलं, आणि तीनही वेळा जेवून निघालो.

मग गावाने नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मंडपात माझं भाषण ठेवलं. अध्यक्ष म्हणून ठाण्याचे एक नाणावलेले अभ्यासक होते. त्यांच्या शेजारी बसून आपण भोळसट दिसू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी माईकवर सांगितलं की हकीकत गोड आहे, पण ती घडणं शक्य नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. सप्तमीची पाऊणपट सव्वापाच. दिवेलागण पावणेसातच्या सुमाराला. म्हणजे तोवर दीड तास पाणी उतरलेलं, काठाला चिखल. भरलेले मचवे लागणार कुठे? टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी मान डोलावली. पदूनाना कोरी टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी भोईरांचा नारळ निघाला नाही. पुढे तो मान दुसऱ्या घराकडे गेला.

तीन महिन्यांनी एका सप्तमीला मी डोंबिवलीत मोठागावच्या काठावर सहज उभा होतो. दिवे लागले होते आणि पाणी अजून चढत होतं. पाऊणपटीचा हिशोब समुद्रकाठचा. वसईच्या तोंडातून शिरलेलं पाणी खाडीने आत यायला वेळ घेतं. कोलशेतला तास-दीड तास, वर डोंबिवलीला त्याहून जास्त. काठावर मासळी विकणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. मला नव्हतं. मी घरी आलो आणि गप्प बसलो. भाषण तोवर एका दिवाळी अंकात छापून आलेलं. सहा वर्षांनी पदूनाना गेल्याचं कळलं, तेव्हाही गप्प बसलो.

पंचमी, मोहने

मोहन्याहून सुरुवात करायची, हा सुर्व्यांचा हट्ट. खाडीचा प्रवास म्हणजे जिथे खारं पाणी संपतं तिथून खाली यायचं, असं त्यांचं म्हणणं. दिलीप सुर्वे आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. मूळचे गुहागरकडचे. नेव्हीत पंचवीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी लँडिंग शिपवर. हे जहाज पुढून जबड्यासारखं उघडतं आणि माणसं, रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवतं. साठी ओलांडली तरी पाठ ताठ. कुठेही गेले की आधी वारा कुठून येतोय ते बघतात, लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा.

रेयॉनच्या जुन्या कारखान्याची भिंत ओलांडून आम्ही नदीकडे उतरलो. काठावर एक टपरी होती. चहा सांगितला, कांदाभजी सांगितली. सुर्वे दगडांवरून खाली गेले, पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं. टपरीवाला झाऱ्या हातात धरून वरून बघत होता. "काका, चव कसली बघताय," तो म्हणाला, "सगळे नाले त्यातच येतात." सुर्वे थुंकले, वर आले आणि दोन भजी एकदम तोंडात टाकली. भरती नक्की कुठे संपते, हे त्यामुळे ठरलं नाही.

चहा पिताना मी त्यांना विचारलं, की लढाईत बेट घ्यायचं म्हटलं तर नेव्ही नेमकं करते काय. इतकी वर्षं शेजारी राहून कधी विचारलं नव्हतं. सुर्वे खुलले. प्रत्यक्ष युद्धात उतरवायची वेळ त्यांच्यावर आली नाही, पण अंदमानात सराव भरपूर केलेले. लोकांना वाटतं नेव्ही म्हणजे तोफा. तोफा असतात, उतरणाऱ्यांच्या डोक्यावरून मारा करायचा असतो, शत्रूची जहाजं लांब ठेवायची असतात. पण त्याच्या आधी कुणीतरी चोरपावलांनी जाऊन तळ मोजून येतो, वाळू आहे की चिखल ते बघतो. मग भरती कधी, ओहोटी कधी. आणि शिपाई एकदा उतरला की थोड्याच वेळात त्याला पाणी लागतं, त्यानंतर दारूगोळा, त्यानंतर डॉक्टर. फोटो निघतो तो झेंडा लावणाऱ्याचा.

"बेटावर मागे सरकायला जागा नसते, सर," सुर्वे म्हणाले. "मागे फक्त आम्ही."

मी भजी खात राहिलो. नानांनी सांगितलेली मडकी माझ्या वहीत होती. त्यांच्यापुढे समासात मी तेव्हा लिहिलं होतं, 'खाडी ओलांडताना पाणी कशाला?'

त्या रात्री मुक्काम कल्याणात, पारनाक्याला सुर्व्यांच्या मेहुण्यांकडे. वालाचं बिरडं, भात, आणि मेहुण्यांची सुर्व्यांवरची ठरलेली टीका. नेव्हीतून माणूस आला तरी त्याला साधी भाजी आणता येत नाही, असं त्यांचं मत आहे.

षष्ठी, दुर्गाडीखालून

सकाळी दुर्गाडीच्या पायथ्याशी गेलो. महाराजांनी पहिली गलबतं बांधली ती याच काठावर, असं आपण शाळेत शिकवतो. आज तिथे बोटींचा क्लब आहे, सकाळी फिरायला येणारी माणसं आहेत, आणि काठाला जलपर्णीचा हिरवा गालिचा. सुर्व्यांनी काठाने एक चक्कर मारली. मग म्हणाले, की जागा कुणी निवडली त्याला मानलं पाहिजे, समुद्रावरून दिसत नाही आणि भरतीने माल इथवर आपोआप येतो.

होडी बाळारामची. हा कल्याणचा कोळी, पन्नाशीचा, आधी रेतीच्या होडीवर होता. रेती बंद झाल्यापासून मिळेल ते काम करतो. गणपतीत विसर्जन, एरवी मासे, मधूनच आमच्यासारखे विक्षिप्त. ओहोटी लागल्यावर आम्ही निघालो. पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. त्यापुढे इंजिनाच्या पंख्यात जलपर्णी गुंतली आणि होडी आडवी झाली. बाळारामने शर्ट काढला, कोयती तोंडात धरली आणि पाण्यात उतरला. आम्ही दोघं मध्यमवर्गीय एकमेकांकडे बघत, मुंब्र्याच्या डोंगराकडे पाठ करून, वाहत राहिलो.

वाहता वाहता सुर्व्यांनी लँडिंग शिपचं एक काम सांगितलं. मी ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे. जहाज किनाऱ्याला नाक लावायच्या आधी, अजून खोल पाण्यात असतानाच, मागच्या बाजूने एक नांगर टाकतात. त्याची साखळी सैल सोडत पुढे जातात आणि मग नाक वाळूत घुसवतात. माणसं-गाड्या उतरल्या की जहाज तिथून निघायला हवं. पण तळ धरून ठेवतो, नुसत्या इंजिनाने सुटत नाही. तेव्हा ती मागची साखळी गुंडाळत जहाज स्वतःला मागे ओढून घेतं. नांगर टाकायला विसरलेलं जहाज किनाऱ्यावर बसून राहतं आणि शत्रू त्याच्यावर निवांत नेम धरतो.

बाळाराम होडीला लटकून ऐकत होता. तोंडातली कोयती काढून त्याने विचारलं, "काका, म्हणजे तुम्ही नेव्हीत होता का टेम्पोवर?"

"टेम्पोच," सुर्वे म्हणाले. "फक्त नाक्यावर हवालदाराऐवजी तोफ उभी."

बाळाराम इतका हसला की पंखा त्याच्या हातून निसटता निसटता राहिला. मग होडीत चढून अंग पुसत त्याने मला विचारलं, की उद्या कोलशेतलाच का आणि सप्तमीलाच का. मी म्हणालो, सुट्टी तशी होती. त्याने मान डोलावली. म्हणाला, दिवस चांगला काढलात, सप्तमी-अष्टमीचं पाणी भांगाचं, त्याला ओढ नसते. उधाणाला पाणी चढतं जास्त आणि पळतंही जास्त. भरलेली होडी आडवी न्यायची तर भांगाचेच दिवस.

म्हणजे तिथीसुद्धा नानांच्या पूर्वजांनी विचार करून धरली होती.

मोठागावला उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. प्रवासवर्णनाला शोभणार नाही असं एक सांगतो. दुसऱ्या रात्री आम्ही चक्क आपापल्या घरी झोपलो. बायकोने विचारलं, काय बघितलंत. जलपर्णी, म्हणालो.

सप्तमी, कोलशेत

सकाळी ओहोटीबरोबर पुन्हा बाळारामची होडी. उजव्या हाताला भिवंडीची गोदामं सुरू होतात, डाव्या हाताला तिवरं आणि त्यांच्या डोक्यावर तीस-तीस मजले. मध्ये पाणी शांत, ढोकऱ्या पाण्यात एका पायावर उभ्या. कशेळीचा पूल गेला. मला घाम यायला लागला. सुर्व्यांना वाटलं ऊन लागतंय, त्यांनी स्वतःची टोपी मला दिली.

पाड्याच्या काठावर पदूनानांचा मुलगा जनार्दन उभा होता. मी आधी फोन केला होता. खाडी बघायला येतोय, एवढंच सांगितलेलं. साठीला आलेला, गळ्यात जाड साखळी, पांढरा शर्ट, आणि चेहरा हुबेहूब नानांचा. पाणी उतरलेलं असल्यामुळे जेट्टीच्या पायऱ्यांपर्यंत होडी जाईना. मी घाईने उडी मारली आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो. एक पाय निघाला, बूट आतच राहिला. बाळाराम खेचतोय, सुर्वे हुकूम सोडतायत, आणि जनार्दन वरून हसतोय.

"सर," तो म्हणाला, "भरतीची येल तं तुमीच काढता ना?"

त्याच्या बोलण्यात काही नव्हतं, नुसती थट्टा होती. मी चिखलातच उभा राहिलो.

घर आता दुमजली बंगला आहे. मागच्या भातखाचरांवर भोईरांच्या वाटणीत एक सात मजली इमारत उभी आहे. पण नळापाशी माझ्या पायांवर जनार्दनच्या बायकोने स्वतः पाणी ओतलं, जनार्दनने स्वतःच्या चपला आणून दिल्या, आणि मला जेवायला बसवलं ते पंख्याखालच्या जागी. चिंबोऱ्यांचं कालवण, तांदळाची भाकरी, तळलेला जिताडा. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह तोंडाने करतात, घास घ्या, अजून एक घ्या. इथे घरधनी चिंबोरीची नांगी दातांनी फोडतो, आतला गर काढतो आणि न बोलता पाहुण्याच्या ताटात ठेवतो. पदूनानांनी माझ्यासाठी हेच केलं होतं. वहिनी म्हणाल्या, "सर तवा बारीक व्हते. बाबा बोलायचे, मास्तरला खाव घाला, डोक्याचा काम करतंय."

सुर्वे तर घरचेच झाले. जिताडा कुठल्या पाण्यातला, जाळं कुठलं, असे प्रश्न विचारून त्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

जेवण झाल्यावर जनार्दन आम्हाला इमारत दाखवायला घेऊन गेला. पार्किंगमध्ये पंपाची खोली आहे. तिच्या दारामागे, खिळ्यावर, मनगटाएवढ्या जाड काथ्याच्या दोराचं वेटोळं होतं आणि खाली भोक पाडलेला एक मोठा दगड. सुर्व्यांचा हात आपोआप दोराकडे गेला.

"बाबाचा हाय," जनार्दन म्हणाला. "नारलाच्या दिसाचा. आता काय उपेग नाय, पन टाकवत नाय."

नारळाला दोर कशाला, असं सुर्व्यांनी विचारलं. जनार्दनने सांगितलं. पहिल्या नारळाची होडी आधी खाडीच्या मध्यावर न्यायची. तिथे हा दगड शेपटीकडून सोडायचा. दोर सैल सोडत काठाला नाक लावायचं. मग नारळ मांडीवर धरून बसायचं, कितीही वेळ लागो. पाणी भरतं, थांबतं, आणि फिरल्याची पहिली ओढ लागली की नारळ द्यायचा. परत जाताना वल्ही मारायची नाहीत. हाताने दोर ओढत मागे जायचं. हल्ली ज्या घराकडे मान आहे ती माणसं चांगली, पण मोठी बोट आणतात, स्पीकर लावतात, नारळ मध्यावरूनच टाकतात. दोराचं त्यांना माहीत नाही.

सुर्वे त्या दगडावर बसले. मला त्यांचा चेहरा दिसत होता.

"शेपटीकडून? नक्की? नाकाकडून नाही?"

"शेपटीकरूनच. का, ते नाय ठाव. बाबा बोलायचा, असाच करायचा."

"का ते मला ठाऊक आहे," सुर्वे म्हणाले. आणि काल होडीत सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. मागचा नांगर, साखळी, तळ धरतो ते. शेवटी म्हणाले, "शेठ, हा विधी नाही, ही कवायत आहे. होडी रिकामी असली की वल्ह्यांनीसुद्धा सुटते. दोर लागतो तो होडी भरलेली असली आणि काठ चिखलाचा असला तर. तुमच्या लोकांनी कधीतरी माणसं भरून इथून होडी काढलेली आहे. आणि वरून कुणीतरी मारत होतं."

जनार्दन हसला. "तसा आमचे म्हातारे सांगायचे. पन आपल्या सरांनी हिशोब केला ना, नाय जमत बोलले."

सुर्व्यांनी माझ्याकडे पाहिलं. नेव्हीतली माणसं बघतात तसं, एकदाच आणि पुरेसं. हा दोर मी बावीस वर्षांपूर्वी पाहिला होता. वहीत लिहिलंही होतं, 'नांगर मागून, विधी असावा', आणि भाषणातून गाळलं होतं.

संध्याकाळी सहाला आम्ही तिघं जेट्टीवर येऊन बसलो. बाळाराम होडीत आडवा झाला होता. हाच तास बघायला मी आलो होतो, आणि एकट्याने बघितलं असतं तर पुन्हा गिळून टाकलं असतं. म्हणून सुर्वे बरोबर. सकाळी माझा बूट गिळलेल्या चिखलावर आता पुरुषभर पाणी होतं. सव्वासहाला पाणी दुसऱ्या पायरीला लागलं. माझ्या गणिताप्रमाणे ते तासापूर्वीच उतरायला लागायला हवं होतं. साडेसहाला तिसरी पायरी भिजली. आकाशात अर्धा चंद्र आधीपासून होताच. समोर काल्हेरच्या गोदामांवर दिवे लागले, मागे वहिनींनी तुळशीपाशी दिवा लावला. एक थर्माकोलचं ताट पाण्यावर आलं आणि आमच्यासमोर थांबलं. वर जाईना, खाली जाईना.

सुर्व्यांनी घड्याळ पाहिलं. "पावणेसात. फुल."

मी म्हणालो, "जनार्दनभाऊ, नानांची हकीकत बरोबर होती. माझं गणित चुकलेलं. आणि हे मला त्याच वर्षी कळलं होतं."

तो पाण्याकडेच बघत राहिला. मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो बोलला.

"पानी कवा भरतं ते मना ठाव हाय, सर. बाबालाबी ठाव व्हता. जलम गेला त्याचा इथं."

"मग ते मंडपात का नाही बोलले?"

"घरी येऊन बोलला. बोलला, सर शिकलेला मानूस, हिशोब करून सांगतंय. तवाचा पानी येगला असंल. आपल्याच म्हाताऱ्यांचा चुकला असंल. खोटा मान नको बोलला." जनार्दनने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं. "मंग दर सप्तमीला सांजचा हितं येऊन बसायचा. मरंपर्यंत. मी बोलायचो, बाबा, चला घरी, पानी तं भरलाय. तो बोलायचा, आजचा भरलाय रं, तवाचा कुनी बघितला?"

गावाने त्यांचा मान काढून घेतला असेल, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. त्यात निदान गावाचा वाटा होता. माझ्या एका वाक्यावर त्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या पाण्यावरचा विश्वास सोडला, आणि मान आपल्या हाताने उतरवून ठेवला.

मी माफी मागायला लागलो. जनार्दनने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून थांबवलं.

"मना कशाला सांगताव? मी तं हितंच हाय, रोज बघतंय. तुमी मंडपात बोललाव. माईकवर. तिथं सांगा."

आवाज चढलेला नव्हता. चपला दिल्या होत्या त्याच आवाजात तो हे बोलला. मग उठला. "चला, चा घेऊ. पाय आखडले असतील तुमचे."

तेवढ्यात थर्माकोलचं ताट हललं आणि हळूच वसईच्या दिशेला निघालं. सुर्व्यांनी ते मला बोटाने दाखवलं. पाणी फिरलं होतं.

परत आल्यावर

जनार्दनच्या चपला पायात घालून मी परत आलो. रिक्षा माजिवड्याच्या सिग्नलला अडकली. सुर्वे म्हणाले, "सर, तुम्ही मागचा नांगर न टाकताच किनाऱ्याला लागलेले." मी हो म्हणालो. थोड्या वेळाने ते म्हणाले, "श्रावणात मी रिकामाच असतो. दोर ओढायला एक माणूस जास्त लागेल."

चपला धुऊन दाराशी ठेवल्या आहेत. त्या पोचत्या करायला फोन केला, तर वहिनी म्हणाल्या, राहू द्या, नारळाच्या दिवशी घालून या.

हा लेख त्याआधी छापला जाईल, पण त्याने भागणार नाही. पाड्यावर हा अंक कुणी घेत नाही. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्या मंडपात, माईकसमोर उभं राहून मला एवढं म्हणायचं आहे, की सप्तमीला दिवे लावायच्या वेळी इथे पाणी भरलेलं असतं, हे पदूनाना भोईरांनी मला सांगितलं होतं आणि ते खरं होतं. ते मी अजून म्हटलेलं नाही.